बोंबलांचा सापळा

आमच्या चंदनसारच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारी प्राजक्ता संशोधन करते. विषय असा, की आपल्यासारख्या अजून सावरत असलेल्या देशांमध्ये लाच पकडणारी सरकारी खाती असतात, त्यांचा खरोखर उपयोग किती होतो. बऱ्याच देशांबद्दल तिने वाचलंय. कुठे म्हणे असं खातं इतकं तगडं, की मंत्र्यांना त्याच्या नावाने घाम फुटतो; आणि कुठे नुसती पाटी, पाटीखाली टेबल आणि टेबलामागे डुलक्या घेणारा माणूस. एवढं वाचून झाल्यावर तिला शोध लागला, की अशाच एका खात्यात बरीच वर्षं काढलेला निवृत्त पोलीस निरीक्षक आपल्या खालच्याच मजल्यावर राहतो आणि पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडत असतो.

"काका, तुमचं खातं प्रभावी होतं का?" तिने सरळच विचारलं.

मी म्हटलं, "माहीत नाही."

तिला वाटलं मी विनय दाखवतोय. तेवढ्यात आतून आमची ही म्हणाली, "अहो, तिला ते बोंबलांचं सांगा." हिला त्या प्रकरणातला फक्त वास आठवतो. माझा एक चांगला शर्ट तेव्हा टाकून द्यावा लागला होता. मी प्राजक्ताला सांगितलं, तेच इथे लिहितो. तिच्या प्रबंधात ते कुठे बसलं नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. लाच पकडायची म्हणजे सापळा लावायचा. तक्रारदार येतो, अमका साहेब मागतोय म्हणतो. मग खरंच मागतोय का, ते आम्ही आवाज टेप करून तपासतो. मग दोन पंच आणायचे. तेही दुसऱ्या कुठल्या तरी सरकारी कार्यालयातले नोकर. ते बिचारे बळीच्या बकऱ्याच्या चेहऱ्याने येतात. द्यायच्या वस्तूवर एक पावडर चोळायची. साध्या उजेडात ती दिसत नाही, पण खास दिव्याखाली धरली की निळी चमकते. साहेबाने वस्तू हातात घेतली, की तक्रारदाराने ठरलेली खूण करायची, आम्ही आत घुसायचं, अंधार करून दिवा लावायचा. हात चमकला की साहेब अडकला. आणि महत्त्वाचं म्हणजे साहेबाच्या आधी आमचे स्वतःचे हात त्या दिव्याखाली धरायचे, पंचांसमोर. आमचे हात कोरे आहेत हे आधी दिसलं पाहिजे. हा नियम ज्याने केला तो शहाणा असणार. मला मात्र तो चांगलाच महागात पडला.

आमच्याकडे तक्रार घेऊन आलेल्या हिराबाई अर्नाळ्याच्या. नवरा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, पण त्याचा हात जाळ्याच्या दोरात सापडून अधू झालेला, त्यामुळे बोटीचं सगळं हीच बघायची. पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू होती. बंदी उठायच्या आत परवान्याचं नूतनीकरण झालं नाही तर बोट पाण्यात उतरवता येत नाही. खलाशी काही थांबत नाहीत, ते दुसरी बोट धरतात. आणि हंगामाच्या सुरुवातीच्या फेऱ्या हुकल्या की वर्ष हुकलं. हे सगळं तिने मला उभ्याउभ्याच ऐकवलं. खुर्ची दिली तर म्हणाली, "बसायला येळ नाय सायेब."

मी विचारलं, "किती मागितले?"

"पैशे नाय. बोंबील."

माझ्या हातातलं पेन थांबलं. हवालदार गोसावी, जो नेहमी माझ्या शेजारी बसून मी काय चुकतोय ते बघायचा, त्याने खोकला काढला.

झालं होतं असं. ज्या कार्यालयात परवाने व्हायचे, त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला इथे आपण रावसाहेब म्हणू. रावसाहेब दरवर्षी प्रत्येक बोटवाल्याकडून पावसाळ्याची आगोट भरून घ्यायचे. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी. किनाऱ्यावर त्यात सुके बोंबील, जवळा, सोडे हे सगळं येतं. रावसाहेबांची आगोट गावाच्या जिवावर चालायची आणि त्याला कोणी लाच म्हणत नव्हतं. दारात आलेल्याला द्यायचं, तसं साहेबालाही द्यायचं.

"मग यंदा काय झालं?" मी विचारलं.

"दरसाल देते, मी काय नाय बोलत नाय. पन यंदा माझी टोपली परत केली त्याने. बोल्ला, वाळूत सुकवलेले दिसतात, कचकच लागते. सायेब, माझे बोंबील वलांडीवर सुकतात, बांबूवर, जमिनीला लागत पन नाय. माझ्या सासूने शिकवलंय मला. आनि बोल्ला, घरात ठेवलेस ते चांगले आन, नायतर परवाना ऱ्हाऊ दे. फुकट खातो ते खाऊ दे की. वर नावं ठेवतो?"

प्राजक्ताने इथे मला थांबवलं. "म्हणजे भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रार नव्हतीच ती?"

"नव्हती," मी म्हटलं. "माझ्या सगळ्या नोकरीत भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रार घेऊन आलेला माणूस मी पाहिला नाही. अपमान झालेली माणसं आली. साहेबाने खुर्ची दिली नाही, बापाचं नाव काढलं, बायकोसमोर अरेतुरे केलं. दर ठरलेला असतो तोवर लोक देतात. मला याचं फार कुतूहल वाटायचं. आमचं खातं चालायचं ते लाच घेणाऱ्यांच्या उर्मटपणावर. सगळ्यांनी नीट बोलून खाल्लं असतं तर आम्हाला टाळं लागलं असतं."

तर, कायद्यात बोंबील बसतात का, हे मी पुस्तकात पाहिलं. बसतात. लाच म्हणजे काहीही असू शकतं. आवाज टेप करून मागणी पक्की झाली. त्यानंतर त्या कार्यालयाची पाहणी करायला मी सुक्या मासळीचा व्यापारी बनून गेलो. हिराबाईकडूनच टोपली घेतली, लुंगी नेसलो आणि कार्यालयासमोरच्या ओट्यावर बसलो. कोण येतं, कोण जातं, मागचं दार कुठे आहे, एवढंच बघायचं होतं.

एक बाई आली. एक बोंबील उचलून तिने वाकवला, मोडला, हुंगला. "कुठले?"

"विरारचे," मी म्हटलं.

"विरारला कवा दर्या आला?" ती म्हणाली, पण भाव विचारला. मी भाव काढून ठेवला नव्हता. तोंडाला येईल तो सांगितला. तिने माझ्याकडे काळजीने पाहिलं, मग रस्त्यापलीकडे हाक मारली, "गो मंदा, लवकर ये, हा येडा हाय." बघता बघता टोपली रिकामी. मालच संपल्यावर व्यापारी ओट्यावर कशासाठी बसणार? मागचं दार बघायचं राहूनच गेलं. हिराबाईंना त्या मालाचा भाव माझ्या खिशातून भरून दिला, त्याबद्दल खात्याने मला काही दिलं नाही.

सापळ्याच्या सकाळी आम्ही हिराबाईंच्या पडवीत जमलो. मी, गोसावी, आणि शिक्षण खात्यातून आलेले पंच जोशी. दुसरे पंच आमच्या चालकाबरोबर गाडीत बसून राहिले होते. त्यांना त्या वासाने मळमळत होतं. जोशी पूर्ण शाकाहारी. ते दोन बोटांनी नाक धरून उभे होते आणि नाकातूनच म्हणत होते, "साहेब, माझी शासकीय सेवा बेदाग आहे हो."

गोसावीने बोंबलांचा मोठा जुडगा घेतला, वरून खालून पावडर चोळली, कागदात बांधला, हात साबणाने धुतले. मी हिराबाईंना बजावलं, "हा पुडा पिशवीत. त्याने मागितल्याशिवाय द्यायचा नाही. त्याने हातात घेतला की पदर डोक्यावर घ्यायचा. बाकी काही करायचं नाही."

"बाकी काय करू? मला काय येतंय दुसरं?" ती म्हणाली.

आम्ही पंचनाम्याच्या मागे लागलो. ती घरात गेली, बाहेर आली. निघताना गाडीत बसल्यावर तिने पदराखालून कागदाच्या तीन पुड्या काढल्या आणि पडवीत असलेल्या आम्हा तिघांच्या हातात एकेक ठेवली. "सकाळधरनं उपाशी हायेत तुमी. घरी न्या, बायकोला द्या. आमच्या दारातनं कोन रिकामा जात नाय."

जोशी म्हणाले, "अहो, मी खात नाही."

"शेजाऱ्याला द्या," हिराबाई म्हणाली. जोशींनी ती पुडी दोन बोटांत धरून सीटखाली ठेवली आणि त्याच बोटांनी पुन्हा नाक धरलं. मी माझी मांडीवर ठेवली. त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं, की नको म्हटलं तर ही दुखावेल, आणि दुखावलेली हिराबाई काय करते ते मला माहीत होतं.

कार्यालयात सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. रावसाहेब व्हरांड्यात आले, पिशवीतला पुडा उघडला, एक बोंबील मोडला, हुंगला आणि म्हणाले, "हे बघ, असे आणायचे." हिराबाईने पदर डोक्यावर घेतला, तोही असा जोरात ओढला की जोशींना वाटलं ती रडायला लागली. आम्ही पुढे झालो आणि रावसाहेबांना आतल्या खोलीत नेलं. पडदे ओढले, दिवा काढला. नियमाप्रमाणे आधी आमचे हात.

माझे हात दिव्याखाली धरले आणि ते निळे उजळले. दोन्ही. मनगटापर्यंत. शर्टाच्या बटणापाशीही चमकत होतं आणि पॅंटच्या मांडीवर तर चांदणं पडलं होतं. गोसावीचेही हात चमकले. जोशींची बरोबर दोन बोटं चमकली, आणि नाकाचा शेंडा.

 मग रावसाहेब अगदी शांत आवाजात म्हणाले, "माझ्या एकट्याचेच कशाला बघताय? सगळ्यांची रांग लावा की."

"हिराबाई," मी म्हटलं, "आम्हाला दिले ते बोंबील कुठले?"

"त्यातलेच," ती म्हणाली. "एवढा मोठा जुडगा त्या मेल्याला कशाला? अर्धा काढला. तुमी मानसं बरी हायेत."

तिने लाचेत काटकसर केली होती. आणि वाचलेला माल चांगल्या माणसांना वाटला होता.

निकाल काय लागला ते आत्ताच सांगून टाकतो. रावसाहेब निलंबित झाले. खटला वर्षानुवर्षं चालला. मुद्देमालाची सीलबंद पिशवी आमच्या कोठारात राहिली आणि तिथल्या दाराशी एक मांजर कायमची राहायला आली. न्यायालयात पिशवी उघडली तेव्हा आत भुंग्यांनी केलेला भुगा होता, आणि न्यायाधीशांनी ती ताबडतोब बंद करायला सांगितली. वकिलाने मला विचारलं, "हात आपलेही चमकत होते ना?" मी हो म्हटलं. "मग आपल्यावर गुन्हा का नाही दाखल झाला?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगताना न्यायालयात लोक हसत होते. रावसाहेब सुटले. मागणीच्या टेपवर त्यांचा आवाज स्वच्छ होता, पण बोंबील छान असावेत अशी इच्छा व्यक्त करणं म्हणजे मागणी नव्हे, असं वकिलाने पटवून दिलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मात्र मी खुशीत होतो. निळे हात धुऊन मी हिराबाईंना म्हटलं, "झालं तुमचं काम."

"कुठं झालं? परवाना?" ती म्हणाली.

सापळा लावताना आम्ही साहेबाचा विचार केला होता, खुर्चीचा केला नव्हता. रावसाहेब गेले आणि खुर्ची रिकामी झाली. सही करणार कोण? हिराबाईचाच परवाना अडकला असं नाही, अख्ख्या गावाचे अडकले. बंदी उठली. दुसऱ्या गावांच्या बोटी बाहेर पडल्या आणि आमच्या यशस्वी कारवाईमुळे या बोटी किनाऱ्यावर रांगेत उभ्या. हिराबाईशी गावाने बोलणं टाकलं. तिच्या दारावरून जाताना बायका मोठ्याने म्हणायच्या, "खाऊ द्यायचे व्हते की चार बोंबील." तिचे खलाशी वाट बघून दुसऱ्या बोटीवर गेले. मी भेटायला गेलो तेव्हा तिने मला पाणी दिलं, पण पुडी दिली नाही. त्यावरून काय ते मला कळलं.

"चला," मी म्हटलं, "मी येतो तुमच्याबरोबर."

शेजारच्या तालुक्यातला एक अधिकारी प्रभारी म्हणून दोन्हीकडचं काम बघत होता. गावचे आठदहा बोटवाले, हिराबाई आणि मी, असे आम्ही त्याच्या दारात जाऊन बाकावर बसलो. मला कोणाला काही सांगायचा अधिकार नव्हता. नुसती सोबत म्हणून गेलो होतो. पण तिथल्या शिपायाने मला ओळखलं.

त्यानंतर मी जे पाहिलं ते कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. कार्यालयातले सगळे हात खिशात गेले. एका कारकुनाला दुसऱ्याने पेरू दिला, तर त्याने तो टेबलावर ठेवायला सांगितला. चहावाला आला, पैसे कोण देणार यावर कुजबुज झाली आणि चहा परत गेला. संध्याकाळपर्यंत एका कागदावर सही झाली नाही. बोटवाले माझ्याकडे असे बघत होते की मीच बाकावरून उठून जावं असं मला वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी प्रभारी साहेबांनी मला आत बोलावलं. तरुण होते, डोळे झोप न झालेले. "साहेब, आज कोणासाठी आलात?"

"कोणासाठी नाही. नुसता बसलोय."

"नुसते?"

"खरंच नुसता."

त्यांचा विश्वास बसेना. मग एकदम म्हणाले, "लगेच सही केली तर तुम्ही म्हणाल घेऊन केली. थांबवली तर म्हणाल घ्यायला थांबवली. मी करू काय? तुम्हीच सांगा."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी लाच घेणाऱ्यांच्या मागे होतो. न घेणारा आमच्यामुळे किती घाबरतो, हे कोणी तपासायला पाठवलं नव्हतं. मी म्हटलं, "दार उघडं ठेवा. जे आधी आलेत ते आधी. नाव मोठ्याने पुकारा, सगळ्यांसमोर कागद तपासा, बरोबर असेल तर सही, नसेल तर काय कमी आहे ते मोठ्याने सांगा."

त्यांनी तसं केलं. खुर्ची दारात आणली. शिपाई नावं पुकारू लागला. एकाच्या विम्याचा कागद नव्हता, तो मोठ्याने सांगितल्यावर बाकीचे त्याला हसले आणि तो धावत घरी गेला. बघता बघता चार सह्या झाल्या. आता आपलं काही काम नाही म्हणून मी चहाला बाहेर पडलो. अर्धा कप झाला नसेल तोच शिपाई पळत आला.

"साहेब म्हणतात आत येऊन बसा. तुम्ही गेलात की त्यांचा हात चालत नाही."

"मी काय करतोय तिथे?"

"काही नाही. पण बसा."

मग मी बसलो. आजवर इतक्या लोकांना जबरदस्तीने पंच केलं, त्या दिवशी मला कोणीतरी केलं. पाठ दुखायला लागली, पण हललो नाही. हिराबाईचं नाव आलं तेव्हा ती कागद घेऊन उभी राहिली आणि सही होईपर्यंत तिने श्वास घेतला की नाही, मला शंका आहे. दुपार टळली तेव्हा गावातली शेवटची सही झाली.

ही आमच्या खात्याची करामत होती का, असं प्राजक्ताने विचारलं. मी म्हटलं, खात्याने जे केलं त्यात एक माणूस सुटला आणि एक गाव अडकलं. मी जे केलं ते करायला खात्यात असायची गरज नव्हती. पण खात्यात नसतो तर मी बसल्याने कोणाला फरक पडला असता? याचं उत्तर मला अजून सापडत नाही. मी बसलो ते दोन दिवस तिथे सगळं चोख होतं. नंतर काय झालं, ते बघायला कोणी बसलं नव्हतं.

हिराबाईची बोट दोन दिवसांनी निघाली, म्हणजे पहिली फेरी हुकलीच. खलाशी नव्हते. पण परवाने हातात आल्यावर गाव थोडं वरमलं होतं. प्रत्येक बोटीने तिला एकेक माणूस दिला. एकाने आपला मेहुणा दिला, ज्याला कुठल्याच बोटीवर कोणी घेत नव्हतं. नवरा अधू हातानेच सुकाणूवर बसला. मी किनाऱ्यावर उभा होतो. खरं सांगायचं तर आभाराचे दोन शब्द ऐकायला गेलो होतो. पण हिराबाईला वेळ नव्हता. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून बर्फ, डिझेल, जाळी, मेहुणा, सगळ्यांवर ओरडत होती.

मेहुण्याने बोटीत चढता चढता माझ्याकडे बोट केलं. "काकी, हे कोन?"

"पोलिस हायेत," हिराबाई मागे न बघता म्हणाली. "हापिसात बसतात, मंग कामं व्हतात."

"आनि नाय बसले तर?"

"तू चढ आधी," ती म्हणाली, आणि बोटीला खांदा लावला.